बायझंटाइन चित्रं इतकी ‘सपाट’ का, आणि त्यांच्यावरून एवढं रण का माजलं?

प्रश्न दोन पदरी आहे. कलेच्या इतिहासात बायझंटाइन प्रकरण (म्हणजे कॉन्स्टन्टिनोपल, आजचं इस्तंबूल, राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याची कला) आलं की सगळे चेहरे एका साच्यातले, लांबोडके, डोळे मोठे, मागे नुसतं सोनं. हजार वर्षांत या लोकांना नीट चित्र काढता आलं नाही का, हा पहिला पदर. आणि असली देवाधर्माची चित्रं ठेवावीत की काढून टाकावीत यावरून त्या साम्राज्यानं शंभर वर्षांहून जास्त भांडावं, चित्रकाराचे हात भाजावेत, असं त्यात होतं तरी काय, हा दुसरा. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण तिथे जायला थोडा फेरा घ्यावा लागेल.

मी इतिहासकार नाही. जुनी चित्रं टिकवण्याचं काम गेली पंचवीसेक वर्षं करतोय, त्यातही लाकडी फळीवरची जास्त. त्यामुळे माझी सवय आधी पृष्ठभाग वाचायची.

काही वर्षांपूर्वी एका खासगी संग्रहातलं छोटं ग्रीक आयकॉन माझ्याकडे आलं. (ग्रीकमध्ये ‘इकॉन’ म्हणजे प्रतिमा. मी रुळलेला शब्द वापरतो.) एकोणिसाव्या शतकातलं, फार किमती नव्हे. मरिया आणि तिच्या कडेवर बाळ येशू. मालकांचं म्हणणं, “खालचा भाग खराब झालाय, तेवढा नवा रंगवून द्या.” भिंगाखाली घेतलं तर ना पाण्याचा डाग, ना कीड. मरियेचा हात आणि बाळाचं पाऊल, एवढ्या दोनच जागी रंग झिजून खालचा खडूचा पांढरा थर दिसत होता. कडा गुळगुळीत, जुन्या पायरीसारख्या. चेहरे मात्र शाबूत. तिथे पिढ्यान् पिढ्या लोकांनी ओठ टेकले होते, आणि चेहऱ्याला ओठ लावायचे नाहीत, हात-पाय चुंबायचे, ही रीत त्या झिजेत स्पष्ट उमटली होती. मी ती जागा रंगवली नाही. मालक नाराज झाले, पैसेही थोडे कापले.

बायझंटाइन प्रतिमा समजून घ्यायला मला कोणत्याही पुस्तकापेक्षा ती झीज जास्त उपयोगी पडली. ही वस्तू नुसती बघण्यासाठी नव्हतीच. तिला भेटायला जायचं असे.

आता ‘सपाट’पणाकडे. आधी गैरसमज काढून टाकू: त्यांना चित्र काढता येत होतं. इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियननं बांधून घेतलेला संत कॅथरीनचा मठ आहे. तिथे सहाव्या शतकातलं ख्रिस्ताचं एक आयकॉन आहे, उंची साधारण ८४ सेंटिमीटर. रंग मेणात कालवून केलेलं काम. इजिप्तमध्येच ममींच्या चेहऱ्यावर मृताचं चित्र ठेवत, त्याच घराण्यातलं हे तंत्र. बरीच शतकं त्यावर नंतरच्या रंगाचे थर होते, १९६२ मध्ये ते काढले तेव्हा खालचा चेहरा बाहेर आला. चेहऱ्याचा उजवा आणि डावा अर्धा हाताने झाकून आळीपाळीने पाहा. एक बाजू शांत, भुवई सैल. दुसरीकडे भुवई चढलेली, डोळा मोठा, ओठाचा कोपरा किंचित ओढलेला. एकाच चेहऱ्यात दोन माणसं. ज्याला हे जमतं त्याला बाकीचंही जमतं. पुढे त्यांनी जे सोडून दिलं ते समजून-उमजून सोडलं.

का सोडलं, ते रंगवण्याच्या पद्धतीत दिसतं. फळीवर कापड चिकटवायचं. त्यावर सरस आणि खडूचे थर एकावर एक देऊन ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करायचे. सोन्याचा वर्ख लावायचा. मग रंग, अंड्याच्या बलकात कालवलेले. चेहरा आधी सरसकट गडद, हिरवट-तपकिरी रंगानं भरायचा आणि त्यावर पायरीपायरीनं उजळ छटा चढवत न्यायच्या. शेवटी डोळ्याखाली, नाकावर, कपाळावर जवळजवळ पांढऱ्या बारीक रेषा. प्रवास कायम अंधाराकडून उजेडाकडे. पुढे युरोपात जो चित्रप्रकार रुजला त्यात उजेड खिडकीतून येतो आणि माणसाची सावली जमिनीवर पडते. इथे खिडकी नाही, सावली नाही, उजेड चेहऱ्यातूनच येतो. सोनं ही ‘पार्श्वभूमी’ नव्हे, तो प्रकाश आहे. संतामागे झाड-डोंगर दाखवले की तो कुठेतरी, कुठल्यातरी दिवशी उभा असतो. सोनं दाखवलं की तो आत्ता, तुमच्यासमोर.

समोरून बघणारा चेहराही याचसाठी. तुम्ही त्याला बघताय त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तुम्हाला बघतोय. पूर्ण एका बाजूनं दाखवलेला चेहरा बहुधा येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा किंवा सैतानाचा असतो. त्याच्याशी तुमची नजरभेट होऊ नये म्हणून.

भिंतीवरच्या मोझेकची (रंगीत काच-दगडाचे तुकडे बसवून केलेल्या चित्रांची) गोष्ट आणखी वेगळी, आणि इथे दोष छापखान्याचा आहे. मोझेकमधला सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये दाबलेला सोन्याचा वर्ख. ओल्या गिलाव्यात हे तुकडे एका पातळीत बसवत नसत. मुद्दाम थोडे तिरके, कधी खाली कलते लावत, म्हणजे खालच्या दिव्यांचा उजेड भक्तांच्या अंगावर परत यावा. तेलाचे दिवे फडफडतात, आपण चार पावलं चालतो, आणि अख्खी भिंत हलते. कॅमेऱ्याचा झगझगीत फ्लॅश समोरून मारला की हे सगळं मरतं आणि उरतं पिवळं कागदी सोनं. ‘बायझंटाइन चित्रं सपाट असतात’ हे मत बऱ्याच अंशी फ्लॅशनं बनवलंय, असं मला वाटत आलंय.

मग सगळे चेहरे एकसारखे का? ते एकसारखे नाहीतच. नीट पाहिलं तर संतांमध्ये पॉलला टक्कल आणि टोकदार दाढी, पीटरचे केस आखूड, पांढरे, कुरळे, निकोलसचं कपाळ घुमटासारखं. शतकानुशतकं हेच. ते ओळखपत्रावरच्या फोटोसारखं काम करत होतं: हाच तो माणूस, याची खात्री. संतांच्या चमत्कारकथांमध्ये एक प्रसंग पुन्हापुन्हा येतो. आजाऱ्याच्या स्वप्नात कुणी अनोळखी येतो, बरं करतो आणि जातो. सकाळी तो देवळात आयकॉन बघतो आणि म्हणतो, अरे, रात्री आलेला हाच! चित्रकारानं आपल्या मनानं नाक बदललं असतं तर ती ओळख पटली नसती.

चेहऱ्याइतकंच महत्त्व नावाला. ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरांत नावाचा संक्षेप, मरियेजवळ ‘देवमाता’. मराठी वाचकाला इथे प्राणप्रतिष्ठा आठवणारच, आणि फरक नेमका तिथेच आहे. प्रतिमांच्या विरोधकांनी हाच आक्षेप घेतला होता: तुमच्या चित्रावर कसला मंत्र म्हणता? काहीच नाही. मग सुताराच्या फळीत आणि त्यात फरक काय? यावर ७८७ मध्ये निकेआ इथे भरलेल्या धर्मसभेनं ‘मंत्र म्हणू’ असं सांगितलं नाही. अनेक पवित्र गोष्टींना आपण वेगळी प्रार्थना म्हणत नाही, रूप आणि नाव पुरेसं आहे, असं उत्तर दिलं. चित्र देवाचं घर होत नाही, चित्रातून मान मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो. हे वाक्य चौथ्या शतकातल्या बेसिल या धर्मगुरूचं. गंमत अशी की त्यानं ते चित्रांच्या समर्थनासाठी लिहिलंच नव्हतं. तो पिता आणि पुत्र यांचं नातं समजावत होता, आणि दाखला दिला सम्राटाच्या प्रतिमेचा: सम्राट आणि सम्राटाची प्रतिमा म्हणून काही दोन सम्राट होत नाहीत.

हा दाखला लोकांना लगेच पटला, कारण सम्राटाची प्रतिमा म्हणजे सम्राट हा रोजचा व्यवहार होता. न्यायालयात त्याची प्रतिमा असे, म्हणजे निवाडा त्याच्या समक्ष झाला असं मानत. ३८७ मध्ये अंतिओखियात जादा करावरून दंगल उसळली आणि जमावानं सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. पुतळे पाडणं म्हणजे अंगावर हात टाकणं. अख्खं शहर आठवडेच्या आठवडे शिक्षेच्या भीतीनं थरथरत होतं. इटलीतल्या रावेन्नाच्या सान विताले चर्चमध्ये, ५४७ च्या सुमाराला, जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा भिंतीवर लवाजम्यासह उभे आहेत. दोघांनी त्या गावात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवायची गरज नव्हती.

याची सगळ्यात मजेदार साक्ष इस्तंबूलच्या हागिया सोफियात, वरच्या सज्जात आहे. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला सम्राज्ञी झोई, दुसऱ्या बाजूला हातात पैशाची थैली घेतलेला तिचा नवरा कॉन्स्टन्टाइन नववा. माझ्या धंद्यातल्या माणसाचं लक्ष आधी गळ्याशी जातं. तिथे सांधा आहे. तुकड्यांची ठेवण मध्येच बदलते, आणि डोक्यावरच्या लेखात नवऱ्याचं नाव दाटीवाटीनं कोंबलंय. झोईची लग्नं तीन झाली, १०२८, १०३४ आणि १०४२ मध्ये. आधीच्या नवऱ्याचा चेहरा उखडून नवा बसवला, बाकी झगा, थैली, सगळं तसंच. ख्रिस्त आणि झोई यांचे चेहरेही त्याच वेळी नव्यानं केले. व्यक्ती बदलली तरी हुद्दा उभाच राहिला.

इथपर्यंत आलं की दुसऱ्या प्रश्नाची धार कळते. प्रतिमा ही हजेरी असेल, तर तिचा हक्क कुणाचा?

सामान्य माणसांनी तो हक्क केव्हाच घेतला होता. ८२४ मध्ये सम्राट मायकल दुसरा यानं पश्चिमेकडच्या फ्रँक राजाला पत्र पाठवलं, त्यात तक्रारींची यादीच आहे. लोक बाप्तिस्म्याच्या वेळी आयकॉनलाच मुलाचा धर्मपिता, म्हणजे धर्माच्या वाटेवरचा पालक, करतात. काही पुरोहित आयकॉनचा रंग खरवडून प्रसादाच्या भाकरीत आणि द्राक्षारसात मिसळतात. विरोधकाचं पत्र म्हणून अतिशयोक्ती धरावी, तर दुसऱ्या पक्षाचा खंदा पुढारी, स्टुडिओस मठाचा थिओडोर, एका अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याचं कौतुक करतो: तू संत दिमित्रीच्या आयकॉनला बाळाचा धर्मपिता केलंस, छान केलंस! आणि वैद्य-संत कॉस्मास व दामियान यांच्या कथेत पोटाच्या दुखण्यानं बेजार झालेली बाई भिंतीवरच्या त्यांच्या चित्राचा गिलावा नखानं खरवडते, पाण्यात घालून पिते आणि बरी होते. ही कथा निकेआच्या धर्मसभेत पुरावा म्हणून वाचली गेली. जुन्या भित्तिचित्रांत कमरेच्या उंचीला उखडलेले डोळे आणि खरवडे दिसले की मार्गदर्शक सरळ ‘तुर्कांनी फोडलं’ म्हणून पुढे जातात. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण प्रत्येक खरवडा द्वेषाचाच असतो असं नाही.

राज्यही प्रतिमांवर टेकलं होतं. ६२६ मध्ये आवार टोळ्यांनी कॉन्स्टन्टिनोपलला वेढा घातला तेव्हा सम्राट दूर मोहिमेवर होता, आणि मुख्य धर्मगुरू सर्जिओस ख्रिस्ताची प्रतिमा घेऊन तटावर फिरला, असं सांगतात. सम्राट जस्टिनियन दुसरा यानं तर सातव्या शतकाच्या शेवटी सोन्याच्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताचा चेहरा आणला आणि स्वतः मागच्या बाजूला गेला. सुमारे साडेचार ग्रॅमचं ते नाणं दूरदूर चालत होतं. दर्शनी बाजू कुणाची, हे बाजारातल्या माणसालाही कळत होतं.

मग पडझड सुरू झाली. सीरिया, इजिप्त अरबांच्या हाती गेले होते. ७१७-१८ मध्ये अरब सैन्य राजधानीच्या तटाशी बसलं होतं. ७२६ मध्ये थेरा बेटाजवळ समुद्रातून ज्वालामुखी उफाळला. आपलं काय चुकलं, देव का कोपला, असा प्रश्न सम्राट लिओ तिसरा याला पडला, आणि उत्तर मिळालं: आपण मूर्तिपूजा करतोय. ७२६ ते ७३० च्या दरम्यान त्यानं प्रतिमांविरुद्ध भूमिका घेतली. त्याच्या मुलानं, कॉन्स्टन्टाइन पाचव्यानं, ७५४ मध्ये हिएरिया इथे ३३८ बिशपांची सभा भरवून त्याला धर्माचा आधार दिला. त्याचा युक्तिवाद मला आजही चोख वाटतो. ख्रिस्त देव आणि माणूस दोन्ही आहे. तुम्ही फक्त माणूस रंगवलात तर त्याचे दोन तुकडे केलेत. देवासकट रंगवलात म्हणत असाल, तर जो रेषेत मावत नाही त्याला रेषेत कोंडलंत. बोला, कुठला गुन्हा कबूल?

प्रतिमांच्या बाजूचं उत्तर त्याआधीच, लिओच्या काळात, साम्राज्याच्या बाहेरून आलं होतं. जॉन ऑफ दमास्कस खलिफाच्या मुलखात, जेरुसलेमजवळच्या मठात राहत होता, त्यामुळे सम्राटाचा हात तिथवर पोचत नव्हता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव स्वतःच देह घेऊन आला, दिसला, लोकांनी त्याला स्पर्श केला. आता त्याला रंगवू नका म्हणणं म्हणजे तो खरंच आला होता यालाच नाही म्हणणं. मी लाकडा-रंगाची पूजा करत नाही, लाकूड घडवणाऱ्याची करतो. पूजा फक्त देवाची, प्रतिमेला मान. दोन्हींसाठी ग्रीकमध्ये वेगळे शब्द आहेत आणि सगळा डोलारा त्या दोन शब्दांमधल्या फटीवर उभा आहे.

या काळाच्या कथा वाचताना एक सावधगिरी पाळा. जवळजवळ सगळं लिखाण जिंकलेल्या बाजूचं आहे. कॉन्स्टन्टाइन पाचवा लढवय्या होता, पण इतिहासात त्याचं नाव राहिलं ते शत्रूंनी ठेवलेलं, ‘विष्ठानामा’, का तर बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं म्हणे कुंडातच घाण केली. राजवाड्याच्या दारावरचं ख्रिस्ताचं चित्र काढायला गेलेल्या शिपायाला बायकांनी शिडीसकट पाडलं, ही प्रसिद्ध कथाही बरीच नंतर रंगलेली दिसते. पण हाल झाले नाहीत असंही नाही. सम्राट थिओफिलोसच्या काळात थिओडोर आणि थिओफानिस या भावांच्या चेहऱ्यावर निंदेच्या ओळी गोंदवल्या, आणि लाझारोस नावाच्या चित्रकार-भिक्षूच्या तळहातांवर तापलेलं लोखंड ठेवलं.

त्याच थिओफिलोसची राणी थिओडोरा दालनात लपवून आयकॉन ठेवायची. दरबारच्या विदूषकानं ते पाहिलं आणि राजाला भाबडेपणानं सांगितलं, राणीसाहेब सुंदर बाहुल्यांना डोळ्यांशी लावतात. राजा तावातावानं आला. राणी म्हणाली, बाहुल्या कसल्या, आम्ही आरशात बघत होतो, त्या विदूषकाला आमचीच प्रतिबिंबं दिसली. कथा खरी असो-नसो, प्रतिमांचा किल्ला घराच्या आतल्या खोल्यांत लढवला गेला हे त्यात बरोबर पकडलंय. ७८७ ची धर्मसभा आयरीन या सम्राज्ञीनं भरवली. ८१५ मध्ये बंदी परत आली. ८४२ च्या जानेवारीत थिओफिलोस वारला आणि पुढच्या वर्षी, ८४३ च्या मार्चमध्ये, थिओडोरानं प्रतिमा कायमच्या परत आणल्या. ऑर्थोडॉक्स चर्च उपासकाळाच्या पहिल्या रविवारी अजून तो दिवस साजरा करतं.

जिंकलेल्यांचा राग बघायचा तर मॉस्कोत ठेवलेल्या नवव्या शतकातल्या एका स्तोत्रसंहितेचं पान बघावं, ख्लुदोव्ह नावानं ती ओळखली जाते. ६९ व्या स्तोत्रात ‘मला आंब (म्हणजे शिरका) प्यायला दिली’ अशी ओळ आहे. समासात क्रूसावरचा ख्रिस्त, आणि शिपाई काठीला बांधलेला स्पंज त्याच्या तोंडाशी नेतोय. त्याच्या खाली, अगदी तस्साच काठीवरचा स्पंज घेऊन, केस पिंजारलेला एक माणूस ख्रिस्ताच्या गोल चित्रावर चुना फासतोय. पायाशी दोन्हीकडे सारखंच भांडं. इतका जहरी आरोप मी दुसरा पाहिलेला नाही. चुना फासणं म्हणजे पुन्हा क्रूसावर चढवणं. आयकॉन म्हणजे हजेरी, हे त्या समासातल्या चित्रकाराला कुणी शिकवायला नको होतं.

पुढे प्रतिमा बिनधास्त रस्त्यावर आल्या. ९७१ मध्ये सम्राट जॉन त्सिमिस्किस विजय मिळवून परतला तेव्हा विजयरथात बसवली ती मरियेची प्रतिमा, तो मागून आला. होडिगिट्रिया म्हणजे ‘वाट दाखवणारी’, हे मरियेचं आयकॉन शुभवर्तमान लिहिणाऱ्या संत लूकनं स्वतः रंगवल्याची श्रद्धा होती. ते दर मंगळवारी राजधानीच्या रस्त्यावर निघे. इतकं जड की उचलायला बरीच माणसं लागत, आणि मग एकटा माणूस ते पेलून गरगर फिरे, असं परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय. १२६१ मध्ये लॅटिन (पश्चिम युरोपातून आलेल्या क्रूसेडरांची) सत्ता हटवून सम्राट मायकल आठवा शहरात शिरला तो याच आयकॉनच्या मागून, पायी. १४५३ मध्ये शहर तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा त्यांच्या शिपायांनी त्याचे तुकडे करून वाटून घेतले.

हे सगळं पुस्तकाबाहेर बघायचं असेल तर मी इस्तंबूलच्या आधी ग्रीसमधल्या थेसालोनिकीला जायला सांगेन. तिथल्या हागिया सोफियात (हो, तिथेही एक आहे) वेदीवरच्या अर्धघुमटात सोन्यात बसलेली मरिया दिसेल. प्रतिमाबंदीच्या काळातली रीत पाळून तिथे आधी फक्त क्रूस होता. नंतर तो काढून मरिया बसवली. तिच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांच्या वर, सोन्यातच आडव्या पट्ट्यांसारख्या खुणा आहेत. आधी काही दिसणार नाही. दोन पावलं डावीकडे सरका, मग उजवीकडे. तुकड्यांचा कल बदललेला असल्यामुळे उजेड तिथे वेगळा फुटतो आणि क्रूसाचे दोन हात दिसायला लागतात. जाताना छोटी दुर्बीण न्या, आणि फोटो शेवटी काढा.